आज नन्ना कुणाचा?

लिंबाजी हनवत्यांच्या पाया पडणं हे मोठं जोखमीचं काम होतं. तुम्ही वाकलात की तेही वाकायचे आणि तुमचेच पाय धरायचे. तुम्ही संकोचून "अहो दादा, हे काय" म्हणत पुन्हा वाकलात, तर ते पुन्हा वाकत. एकदा परभणीच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या बाबांची आणि त्यांची अशी जुंपली, की वाका-उठा करता करता पेडगावकडची एस.टी. निघून गेली. बाबा हट्टाला पेटलेले आणि दादाही. शेवटी बाबांनीच कंबर धरून बसकण मारली आणि म्हणाले, "हरलो रे लिंबाजी." "मग ऱ्हावा आता बसून," म्हणत दादा त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, आणि पुढची गाडी येईपर्यंत दोघं तंबाखू मळत गप्पा हाणत राहिले.

मी शिक्षिका. उभा जन्म दुसऱ्यांना उठा-बसा करायला लावण्यात गेला, त्यामुळे कुणापुढं दबून जायची मला सवय नाही. शाळा तपासायला येऊन कोंबडी खाऊन गेलेले साहेब पाहिले, मतं मागायला आलेले पुढारी पाहिले. एकापुढंही माझा आवाज बसला नाही. लिंबाजीदादांपुढं मात्र बसायचा. त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी त्यांची गोष्ट सांगायला लागले की मी जरा सावरूनच बसते.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. परभणीत वाढलेली मी, आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, पेडगावच्या पुढच्या एका गावात मास्तरीण म्हणून रुजू झाले. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी नांदतात. मला खोली मिळाली ती आमच्याच बौद्ध वस्तीत, पत्र्याच्या विहाराला लागून. सरकारी नोकर असल्यामुळं सभेत बसायची मला चोरी होती. पण माझ्या खोलीची आणि विहाराची भिंत एकच होती, आणि सभेत बोलणाऱ्यांना हळू बोलायची सवय नव्हती. त्यामुळं त्या वस्तीच्या सगळ्या सभा मी भाकऱ्या थापता थापता ऐकल्या.

भांडण होतं गायरानाचं. गावाच्या उगवतीला मुरमाड माळ होता, गावाच्या गुरांसाठी राखलेला. वस्तीतल्या एकाही घराला वितभर जमीन नव्हती. लिंबाजीदादांनी माणसं गोळा केली, माळावरचे दगड वेचले, तुकडे पाडले आणि नांगर घातला. मोठ्या जमिनी असलेल्या घरांना हे सोसवलं नाही. "आमची गुरं काय धोंडे खातील?" हा त्यांचा सवाल, आणि तो अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण गुरांची काळजी करणाऱ्या त्या घरांनी माणसांची कधी केली नव्हती. महसूल खात्याचा गिरदावर कधीतरी येऊन पाहणी करणार, ज्याचं पीक उभं दिसेल त्याचा कब्जा मांडणार, आणि पुढंमागं ती जमीन त्याच्या नावावर होणार, अशी आशा होती. तोवर टिकायचं होतं. दादांचं एक वाक्य वस्तीतल्या शेंबड्या पोराच्याही तोंडी होतं: "रानात पीक उभं पायजे, आन् पिकात माणूस उभा पायजे."

दादा उंच, किंचित वाकलेले, घोषणा देऊन देऊन आवाज कायमचा घोगरा झालेले. तरुणपणी येलदरीकडच्या एका दगडाच्या खाणीवर ते कामाला होते. तिथं सुरुंग उडून त्यांचा डावा कान गेला. म्हणून कुणी बोलायला लागलं की ते मान तिरकी करून उजवा कान पुढं करत. बोलण्यात निजामाच्या काळातले शब्द अजून मुरलेले असत. "बेदखल करतेत काय, बगू," असं म्हणताना त्यांचे डोळे असे काही चमकायचे की ऐकणाऱ्याला उगाच हुरूप यायचा. खुर्चीवर मात्र कधी बसायचे नाहीत. मी शाळेत एकदा आग्रह केला तर म्हणाले, "नको बाई, खुर्चीत मला झोप येती." मी याला त्यांचा साधेपणा समजले होते. पुढं एकदा तहसीलच्या कचेरीत नाइलाजानं बसावं लागलं, तेव्हा खरोखरच घोरायला लागले.

आणि त्यांची ती सभेची पद्धत. तशी मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही.

वंदना झाली, की दादा पहिला प्रश्न विचारत, "आज नन्ना कुणाचा?" म्हणजे आज नाही म्हणायची पाळी कुणाची. दादा जे मांडतील त्याला एकानं उभं राहून विरोध करायचा. मनातून पटलं असलं तरी करायचा. पाळी घरोघर फिरायची, बायकांनाही चुकायची नाही. सुरुवातीला लोक लाजायचे. कुणी उभं राहून "न्हाई" एवढंच म्हणे आणि खाली बसे. दादा म्हणत, "अशी न्हाई नको. कामून न्हाई, ते सांगा."

हे खूळ आलं कुठून, ते त्यांनी एकदा सगळ्यांना सांगितलं. भिंतीपलीकडं माझा तवा तापला होता, पण माझे हात थांबले.

"खाणीवर आमचा मुकादम लय चांगला माणूस होता. पोरावानी जीव लावायचा. एक दिवस सुरुंग पेटवले, एक उडलाच न्हाई. समद्यांनी मोजलं होतं. मुकादम म्हणला, चला रं, झालं समदं. आमाला ठावं होतं, एक बाकी हाय. कोणीच बोललं न्हाई. एवढ्या चांगल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं? तो पुढं, आमी मागं. तो गेला, आन् माझा कान गेला. त्याचं भेव असतं तर एखादा तरी बोलला असता. पण त्याच्यावर जीव होता ना समद्यांचा."

त्या दिवसापासून माणसं नन्ना जरा मनावर घेऊ लागली. सगळ्यात आधी घेतला तो गंगूबाईनं. गंगूबाई विधवा, दादांहून मोठी, एक म्हैस पाळून दूध घालणारी. वस्तीत दादांना "लिंबा" म्हणणारी ती एकटीच. दादांनी बाजाराच्या दिवशी तहसीलवर मोर्चा न्यायचं मांडलं. नन्ना गंगूबाईचा होता. ती उठली ती कमरेवर हात ठेवूनच. "लिंबा, तुला काय कळतंय का? बाजारच्या दिशी बायका अंडी-कोंबड्या इकत्येत. त्या येणार न्हाईत. आन् त्या दिशी कचेरीत कोण असतंय? समदे साहेब भाजी आणाया जातेत. खुर्च्यायला निवेदन देतोस का?" सगळी सभा खदखदून हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं दादा. मोर्चा दुसऱ्या दिवसावर गेला. जाताना ते गंगूबाईला म्हणाले, "आक्का, आज तू होतीस म्हणून वाचलो." त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात इतका खरा आनंद होता, की मला माझ्या वडिलांची आठवण येऊन भरून आलं.

मग गुरांची गोष्ट घडली, आणि तिथून सगळं फिरलं.

मृगाची पेरणी होऊन ज्वारीचे कोंब वर आले होते. एके सकाळी मोठ्या घरांच्या गड्यांनी गावची सगळी गुरं माळाकडं पिटाळली. उन्हाळाभर पोटं खपाटीला गेलेली ती गुरं धुरळा उडवत निघाली. शाळा माळाच्या पायथ्याशी असल्यामुळं मी हे सगळं ओसरीवरून पाहिलं. वस्तीतली माणसं सैरावैरा झाली. दादा एकटे पुढं गेले आणि वाटेत उभे राहिले. अंगावर बंडी, हातात काठीसुद्धा नाही. धुरळ्यात ते दिसेनासे झाले, आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गुरं थांबली होती. पुढची काही तर माना खाली घालून उभी होती.

वस्तीत हलगी वाजली. गुरं दादांपुढं गुडघे टेकून बसली, असं संध्याकाळपर्यंत झालं. दुसऱ्या दिवशी एका बैलानं त्यांचे पाय चाटले होते. आठवड्याच्या बाजारात तर मी असं ऐकलं, की दादांनी नुसता हात वर केला आणि गुरं माघारी वळली.

खरं काय ते गंगूबाईनं त्याच दिवशी सांगितलं होतं. दादा पहाटेच तिच्याकडून सरकीची पेंड घेऊन गेले होते आणि वाटेत आडवी ओळ धरून त्यांनी ती पसरून ठेवली होती. उपाशी गुरं, त्यांना सरकीचा वास आला, थांबली. "माझ्या म्हशीची पेंड गेली आन् ह्याचं नाव झालं," असं ती बोटं मोडत सांगत होती. दादाही जो भेटेल त्याला ओरडून सांगत, "अरं पेंड होती! पेंड!" लोक मान डोलवत, हसत, आणि म्हणत, "दादा, तुमचं मनच मोठं." पेंडीची गोष्ट कुणालाच नको होती. आता मला विचाराल, तर पेंड असो वा नसो, अंगावर येणाऱ्या त्या धुरळ्यात उभं राहायला छाती लागते, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. पण चमत्कार मात्र मी पाहिला नाही.

त्यानंतर वस्तीला काहीतरी झालं. दादा कान पुढं करायला मान तिरकी करत, तर तरुण पोरंही मान तिरकी करून ऐकू लागली. किसन नावाचा विशीतला गडी होता, चांगला खणखणीत आवाजाचा. तो घोगरं बोलायला लागला. मी त्याला म्हटलं, "किसन, घसा बसला असेल तर गुळण्या कर," तर रुसला. परभणीच्या एका स्टुडिओत वस्तीच्या मंडळींनी मिळून एक फोटो काढला होता, तो पोरं परत घेऊन गेली आणि त्यातला एकट्या दादांचा मोठा करून आणला. काच, चौकट, झेंडूचा हार. विहाराच्या भिंतीवर तो लावायचं ठरलं तेव्हा दादांनी तो हातात धरून उजेडात नेला.

"माझ्या शेजारी गंगूआक्का होती. ती कुठं हाय?"

खरंच, चौकटीच्या कडेला एका बाईचा नुसता कोपर राहिला होता.

"आन् ऐका," ते म्हणाले, "आपल्या बापांनी देव पाटीत भरून नदीला सोडले. ते काय त्यांच्या जागेवर मला बसवाया न्हाई." फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. तो किसनच्या घरात गेला. तिथं त्याला रोज उदबत्ती लागते हे त्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा ते रागावले, पण थोडेच. एवढ्यावर ते का थांबले, याचं मला तेव्हा नवल वाटलं. माणूसच होते. इतका जीव लावणारी माणसं भोवती असली की कुणाचंही मन थोडं सैल पडतंच.

सभेत "आज नन्ना कुणाचा?" हे अजून विचारलं जायचं. पण आता उभा राहणारा हात जोडून म्हणायचा, "तुमच्यापुढं आमी काय बोलावं, दादा?" आणि टाळ्या पडायच्या. पाळी पुरी झाली असं धरलं जायचं.

ज्वारी कणसात आली. गिरदावर आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं. त्याच वेळी परभणीत मोठी सभा ठरली. जिल्हाभरातून भूमिहीन माणसं यायची होती, आणि दादांना भाषणाला बोलावणं होतं. दादांनी विहारात मांडलं, "समदे चला. एकूण एक माणूस दिसला पायजे. संख्या बगून सरकार हालंल." आणि मग नेहमीचं, "आज नन्ना कुणाचा?"

नन्ना किसनचा होता. त्याचा घोगरा आवाज मला भिंतीतून ऐकू आला. "दादा, तुमाला न्हाई म्हणाया माझी जीभ झडंल." टाळ्या पडल्या. मी वाट पाहत राहिले, की आता दादा म्हणतील, "अशी न्हाई नको, कामून ते सांगा." ते हसले. नुसते हसले.

गंगूबाई उठली असावी. "लिंबा, रानात कोण ऱ्हाईल? तूच म्हणतोस ना, पिकात माणूस उभा पायजे म्हणून?"

"आक्के, बस खाली!" चारी बाजूंनी आवाज आले. "तुझी पाळी हाय का? दादा म्हणलेत ना!" कुणीतरी म्हणालं, "दादाच्या नावानं गुरं वळत्येत." कुणीतरी हसलं, पण चेष्टेनं नाही. त्या कल्लोळात दादांनी मान तिरकी केली की नाही, ते मला दिसायची सोय नव्हती. ऐकायला मिळालं ते एवढंच, की गंगूबाईला उत्तर मिळालं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी वस्ती रिकामी झाली. जाण्याआधी किसननं आपल्या घरातला तो फोटो माळावर नेला, नवा हार घातला आणि शिवेवर खांब रोवून त्यावर बांधला. राखणीला. थट्टेनं नाही, पुरत्या भक्तीनं. जाता जाता बायकांनी त्याला हात जोडले.

गंगूबाई गेली नाही. फोटोपासून थोडं अंतर ठेवून बांधावर बसली.

दुपारी मी मुलांना कविता पाठ करायला लावली होती. माळावर धुरळा दिसला आणि मी काय समजायचं ते समजले. या वेळी गुरांपुढं कणसात आलेली ज्वारी होती, कुठलीही पेंड त्यांना थांबवणार नव्हती. शाळेच्या शिपायाला घेऊन मी धावले. आम्ही पोचेपर्यंत उभ्या पिकाचा चिखल झाला होता आणि गंगूबाई बांधाखाली पडली होती. लुगडं रक्तानं नाही, मातीनं भरलेलं होतं. ती ओरडत नव्हती. मांडीचं हाड मोडलं होतं आणि ती दात खाऊन माझा हात धरून होती. "एकटीच्या हातून किती वळणार, बाई," एवढंच म्हणाली. शिपायानं बैलगाडी आणली आणि आम्ही तिला परभणीला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी परतले तेव्हा माळावर सगळे जमलेले होते. परभणीचं भाषण काय झालं, ते मला नंतर अनेकांनी सांगितलं. तसं भाषण कुणी ऐकलं नव्हतं म्हणे. खांबावरचा फोटो जागच्या जागी होता, काचेला तडाही नव्हता. हार तेवढा गुरांनी खाल्ला होता. किसन त्या फोटोकडं बघत उभा होता आणि अगदी मनापासून विचारत होता, "दादा, फोटो होता तरी असं कसं झालं?"

दादा तिथूनच माघारी वळले. पायीच परभणीला गेले. गंगूबाईच्या खाटेशी ते बसून होते, असं तिनंच मला पुढं सांगितलं. तिनं त्यांना एवढंच म्हटलं होतं, "माझी पाळी नव्हती, लिंबा. म्हणून कोणी ऐकलं न्हाई."

परत आल्यावर त्यांनी सभा बोलावली. मी पीठ मळायचं सोडून भिंतीला कान लावला, खोटं कशाला बोलू. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "आक्का बरोबर बोलत होती, आन् मी ऐकलं न्हाई. मला टाळ्या ग्वाड लागल्या. पीक माझ्यापायी गेलं, आक्काचा पाय माझ्यापायी गेला."

मग एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "बगा, केवढं मन हाय!" आणि बांध फुटला. कुणी म्हणालं चूक मोठ्या घरांची. कुणी म्हणालं गंगूबाईनंच अपशकुन केला. किसन म्हणाला चूक माझी, उदबत्ती लावायची राहिली. दादा घसा फोडून ओरडले, "अरं, चुकलं म्हणायचा हक्क तरी ऱ्हाऊ द्या की मला!" त्यावर किसननं त्यांच्या नावाचा जयजयकार केला आणि विहाराचे पत्रे दणाणले. मी या बाजूला डोकं धरून बसले. त्या माणसाला आपली चूकसुद्धा आपल्याजवळ ठेवता येईना. ती काढून घेऊन लोकांनी तिचाही हार केला होता.

सकाळी ते शाळेच्या पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी फळ्यावर चुकलाव, तर पोरं सांगत्येत का?"

"लगेच नाही सांगत. एकमेकांकडं बघतात."

"मंग?"

"मग मी मुद्दाम चुकते. दोन नि दोन पाच लिहिते. तरी गप्प बसली तर सात लिहिते. एकजण हसेपर्यंत चुकत राहते. एक हसला की मग सगळ्यांना कंठ फुटतो."

त्यांनी मान तिरकी केली, उजवा कान पुढं केला. "परत सांगा."

मी परत सांगितलं. याचं श्रेय मी घेत नाही. आमच्या धंद्यातली ती साधी युक्ती आहे. ती स्वतःवर वापरायला जे लागतं ते माझ्याजवळ तरी नव्हतं. लोकांनी डोक्यावर घेतलेला माणूस खाली उतरायला एखाद वेळी तयार होईलही. पण चारचौघांत वेडा ठरायला तयार झालेला माणूस मी एकच पाहिला.

पुढच्या सभेपर्यंत पावसाळा सरत आला होता. गंगूबाई प्लास्टर घालून परतली होती, तिला खाटेसकट विहारात आणलं होतं. दादांनी मांडलं, "रब्बीला माळावर साळ पेरू." साळ म्हणजे भात. मुरमाड माळावर, पाऊस संपल्यावर.

कुणी काही बोललं नाही. मग किसनचा आवाज आला, "दादाच्या मनात काहीतरी असंल." दुसरा म्हणाला, "बी कुठं मिळंल?"

"पाणी लागंल," दादा म्हणाले. "आपण पूर्णेहून घागरीनं आणू. डोईवर."

पूर्णा नदी तिथून एवढी लांब, की नुसतं जाऊन यायलाच दिवस मोडावा. मग एक बारीक आवाज, "आणू, दादा." मला रडावं की हसावं कळेना.

"आन् साळ उन्हानं करपू नये म्हणून," दादा पुढं म्हणाले, "वरून पत्रे घालू. समद्या माळावर."

तेवढ्यात खाट करकरली. गंगूबाई हसत होती. आधी घशात, मग पोटातून, मग "आई गं, माझा पाय" म्हणत पुन्हा हसत. "अरं, येडा झालाय हा! माळावर साळ पेरायलाय! आन् तुमी त्याला बी हुडकायलाव!" एक पोरगी फिसकन हसली. मग एक म्हातारा. मग ते पसरत गेलं, आणि त्या विहारात पहिल्यांदाच माणसं लिंबाजी हनवत्यांना हसली. बराच वेळ हसली. मी बाहेर येऊन विहाराच्या खिडकीशी गेले. दादा मध्ये उभे होते, मान खाली, आणि डोळे पुसत होते. ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं काही, ते मी सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांतलं मात्र हसण्याचं नव्हतं.

हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "बरं. मंग हरभरा पेरू." हे मात्र त्यांनी खरोखरच मांडलं होतं. "आज नन्ना कुणाचा?"

"किसनचा. त्याचा मागचा बाकी हाय," गंगूबाई खाटेवरून म्हणाली. किसन उठला आणि नुसता उभा राहिला. मग तो बोलला, आणि त्याचा जुना खणखणीत आवाज मी किती दिवसांनी ऐकला. "हरभरा न्हाई, दादा. हरभरा गुरंबी खातील आन् वाटंनं जाणारी माणसंबी ओरबाडतील. करडई पेरू. तिला काटे येत्येत. काटे आले की गुरं तोंड घालत न्हाईत. तवर आपण पाळीनं राखू. माणूस ठेवून." त्यानं दादांकडं पाहिलं. "तुमचं चुकलं, दादा."

"मंग करडईच," दादा म्हणाले, आणि खाली बसले.

पौषात करडई फुलली. सगळा माळ पिवळा झाला. पोरांचे पाय काट्यांनी भरले, पण एकाही गुरानं आत पाऊल टाकलं नाही. गिरदावर आला तेव्हा प्रत्येक जण आपापल्या तुकड्यात उभा होता. गंगूबाईसुद्धा, काखेत काठी धरून. गिरदावरानं नाव ऐकलेलं. त्यानं विचारलं, "लिंबाजी हनवते कुठंय? आधी त्याला बोलवा."

किसन म्हणाला, "ते हाईत तिकडं त्यांच्या तुकड्यात. त्यांची पाळी आली की भेटतील. ह्या तुकड्याचं मला इचारा, साहेब, हा माझा हाय."

आणि गिरदावर एकेका तुकड्यापुढं थांबत, विचारत, पुढं सरकत गेला. दादा पार टोकाला उभे होते. त्यांच्यापर्यंत यायला त्याला खूप वेळ लागला, आणि तोवर एकाही माणसानं वळून त्यांच्याकडं पाहिलं नाही. मी शाळेच्या ओसरीवरून बघत होते. पाटीवर लिहिणाऱ्या पोरांनी विचारलं, "बाई, रडायलाव कामून?" मी त्यांना पाढे म्हणायला लावले.

कब्जा मांडला गेला. जमीन नावावर व्हायला पुढं बरीच वर्षं गेली, पण झाली, असं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी वस्तीनं जेवण घातलं. भाकरी, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर. माझी बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार होते, म्हणून सभेची चोरी सोडून मीही पंगतीला बसले. गुरांच्या त्या गोष्टीपासून वस्तीत कुठंही पंगत बसली, की पहिलं ताट लिंबाजीदादांपुढं यायचं आणि त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी हात लावायचं नाही. त्या दिवशी ते गंगूबाईला घरून धरून आणायला गेले होते. आले तोवर लोक जेवायला लागले होते. कुणी उठलं नाही. किसननं जरा सरकून जागा दिली आणि पुन्हा ताटात मान घातली.

खीर वाढणारी पोरगी रांगेनं येत होती. गंगूबाईच्या वाटीत तिनं वाढली, किसनच्या वाढली, आणि पातेलं तिरकं करून आत बघितलं.

"सरली की ओ, दादा," ती म्हणाली. "जरा आधी यायचं ना."

"बरं, बरं," दादा म्हणाले.

ती पातेलं घेऊन निघूनही गेली. मी चमकून पंगतीकडं पाहिलं. कुणाचा घास अडला नाही, कुणी आपली वाटी पुढं केली नाही. ज्यानं त्यांना न्हाई म्हणायला जीभ झडेल म्हटलं होतं, तो किसन शेजारीच बसून दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावून घटाघटा खीर पीत होता. दादा भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडं बघत होते. लिंबाजी हनवत्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं, रिकाम्या वाटीपुढं मांडी घालून बसलेले. इतका पोट भरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.